ग्रुपवर फिरणारी ट्यूब

पत्र: ताई, मी ३६ वर्षांची, नोकरी करते. दिवसाचे दहा-अकरा तास घराबाहेर असते. गेल्या दहा महिन्यांत चौथ्यांदा खाली भयंकर खाज सुटली आहे. कधी घट्ट पांढरं जातं, लघवी करताना बाहेरच्या बाजूला चरचरतं. आमच्या इमारतीतल्या बायकांच्या ग्रुपवर एकीनं हिय्या करून विचारलं, तर सहाजणींनी लिहिलं, ‘मलाही’. मग एकीनं एका ट्यूबचा आणि एका गोळीचा फोटो टाकला. आता सगळ्या तेच वापरतो. दोन दिवसांत बरं वाटतं, तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. कुणी टाकीच्या पाण्याला दोष देतं, कुणी पोहण्याच्या तलावाला, कुणी ऑफिसच्या टॉयलेटला. एकीला पाचवा महिना आहे, तिलाही ट्यूब हवी आहे. एकीच्या सासूबाई ६४ वर्षांच्या, त्यांनाही खाज आहे. माझ्या नवऱ्यानं मागच्या वेळी विचारलं, ‘हे आलं कुठून?’ तेव्हापासून मी त्याला सांगणंच सोडलं. वर्षभरात दाढेसाठी दोनदा अँटिबायोटिक झालं. मी दिवसातून दोनदा वॉशनं धुते, पाण्यात अँटिसेप्टिक टाकते, लायनर रोजच वापरते. अजून किती स्वच्छता ठेवू? ट्यूबवरची नावं लिहून पाठवते: क्लोबेटासोल, मायकोनाझोल, निओमायसिन.

उत्तर: ट्यूबवरचं बारीक अक्षर उतरवून पाठवलंत, फार बरं केलंत. तुमच्या अख्ख्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तीच आहे. पण तिच्याकडे वळण्याआधी दोन निरोप आजच पोचवा.

पहिला, पाचव्या महिन्यातल्या मैत्रिणीला. तिनं ती ट्यूब लावायची नाही आणि फोटोतली गोळी तर अजिबात घ्यायची नाही. ती गोळी बहुधा बुरशीवरची फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅम असणार, कारण अशा ग्रुपांवर तीच फिरते. गरोदरपणात ती टाळतात. गरोदरपणात हॉर्मोन वाढल्यामुळे यीस्ट, म्हणजे योनीमार्गात खाज आणणारी बुरशी, सहज वाढतं, ते काही जगावेगळं नाही. त्यावर योनीमार्गात ठेवायचं औषध साधारण सात दिवस देतात. पण अंगावरून जाणं हे गरोदरपणात एरवीही वाढतंच. त्यामुळे आधी तिच्या डॉक्टरांनी बघायला हवं. पुढच्या तपासणीची वाट न बघता तिनं फोन करावा.

दुसरा, त्या सासूबाईंसाठी. पाळी जाऊन बरीच वर्षं झालेल्या बाईला यीस्ट फारसं होत नाही. या बुरशीला इस्ट्रोजेन लागतं आणि त्या वयात ते कमी झालेलं असतं. मधुमेह असेल, हॉर्मोनची औषधं चालू असतील किंवा नुकतंच अँटिबायोटिक झालं असेल, तर गोष्ट वेगळी. नाहीतर त्या वयातली खाज ही बहुतेकदा कोरडेपणाची किंवा कातडीच्या एखाद्या विकाराची असते. लायकेन स्क्लेरोसस नावाचा एक विकार आहे. त्यात तिथली कातडी पांढुरकी, पातळ होते, रात्री खाजेनं झोप लागत नाही. गंमत बघा, त्याच्यावर जे औषध देतात ते क्लोबेटासोलच. पण मोजून, ठरलेल्या मुदतीत आणि डॉक्टरांच्या नजरेखाली. कारण दुर्लक्ष झालं तर हा विकार थोड्या जणींमध्ये पुढे कॅन्सरपर्यंतही जातो. सासूबाई लाजेपोटी म्हणतील, ‘असू दे, या वयात कसलं दाखवायचं.’ त्यांना घेऊनच जायला सांगा.

आता ट्यूब. तिच्यात तीन औषधं आहेत. मायकोनाझोल बुरशी मारतं, ते ठीक. निओमायसिन हे अँटिबायोटिक. त्याचा बुरशीशी काही संबंध नाही आणि कातडीला ॲलर्जी आणणाऱ्या औषधांत ते चांगलंच नावाजलेलं आहे. म्हणजे खाजेवर लावलेलं औषधच काही जणींना खाज आणतं. तिसरं क्लोबेटासोल. हे स्टेरॉईड आहे आणि कातडीवर लावायच्या स्टेरॉईडांमध्ये सर्वात जोरकस वर्गातलं. तुम्हाला ‘दोन दिवसांत बरं’ वाटतं ते मुख्यतः याच्यामुळे.

स्टेरॉईड काय करतं? सूज, लाली, आग, खाज ही सगळी शरीराची आरडाओरड आहे. स्टेरॉईड ती बंद करतं. चोर घरात शिरल्यावर भुंकणाऱ्या कुत्र्याचं तोंड बांधावं, तसं. खाज थांबली म्हणून तुम्ही दोन-तीन दिवसांत ट्यूब बाजूला ठेवता. तेवढ्यात मायकोनाझोलनं आपलं काम पुरं केलेलं नसतं. शिवाय ते बाहेरून लावलेलं, आत पोचलेलंही नसतं. जागेची प्रतिकारशक्ती मात्र स्टेरॉईडनं खाली आणलेली असते. मग तीन आठवड्यांनी ‘पुन्हा’ आलेला आजार बऱ्याचदा मुळात गेलेलाच नसतो. हेच वर्षभर चाललं की त्या नाजूक जागेची कातडी पातळ होते, भेगा पडतात, साधं पाणी लागलं तरी चरचरतं. मग बाई म्हणते, इन्फेक्शन वाढलं, आणि ट्यूब जास्त लावते.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत माझी एक ओळखीची बाई फोनवर लक्षणं सांगायची आणि मी फोनवरच औषध सांगायची. खाज, पांढरं, आग, म्हणजे यीस्ट, असा माझा सरळ हिशेब. असं तीनदा झालं. चौथ्या वेळी ती समोर आली, मी तपासलं, तर यीस्टचा मागमूस नव्हता. सुगंधी पॅडमुळे उठलेला कातडीचा दाह होता. पॅड बदलल्यावर पंधरवड्यात सगळं निवळलं. तिनं मला एका शब्दानं दोष दिला नाही, उलट आभार मानले. मला ते आभार आजही टोचतात.

तेव्हा तुमच्या ग्रुपवरच्या सात बायकांना एकच आजार झालाय, हे मी धरूनच चालत नाही. २००२ साली अमेरिकेत एक साधासा पण डोळे उघडणारा अभ्यास छापून आला. दुकानातून स्वतःच्या मनानं यीस्टचं औषध घेणाऱ्या ९५ बायकांना तपासलं गेलं. त्यांच्यापैकी फक्त यीस्टच असलेल्या निघाल्या साधारण एक तृतीयांश. बाकीच्यांत कुणाला जिवाणूंचा त्रास, कुणाला दोन-तीन गोष्टींची सरमिसळ आणि काही जणींना तर कसलंच इन्फेक्शन नव्हतं. या बायका वेंधळ्या नव्हत्या. बऱ्याच जणींना आधी खरोखर यीस्ट झालेलं होतं आणि ‘आपल्याला आता कळतं’ अशी खात्री होती. तुम्हाला वाटतं तशीच.

फरक ओळखायला थोडी मदत करते, पण हे वाचून घरी निदान करू नका. यीस्टमध्ये मुख्य तक्रार खाजेची. पांढरं जाणं घट्ट, नासलेल्या दुधाच्या गुठळ्यांसारखं आणि त्याला विशेष वास नाही. काही जणींना पांढरं फारसं जातच नाही, नुसती लाली आणि आग. लघवीची आग असली तरी ती बाहेरच्या बाजूला, लघवी सोललेल्या कातडीवरून जाते तेव्हाची. पाळीच्या आधीच्या आठवड्यात जोर वाढतो, पाळी आली की जरा उतरतो, हाही पुष्कळ जणींचा अनुभव. पांढरं पातळ, करडट आणि माशासारख्या वासाचं असेल, विशेषतः संबंधांनंतर वास वाढत असेल, तर तो बहुधा बॅक्टेरियल व्हजायनोसिस, म्हणजे जिवाणूंचा त्रास. त्याचं औषध पूर्ण वेगळं, यीस्टच्या औषधानं तो हलणारसुद्धा नाही. पिवळं-हिरवं, फेसाळ जात असेल तर ट्रायकोमोनास, एका सूक्ष्म परजीवीचा आजार. तो मात्र संबंधांतून पसरतो आणि त्यात जोडीदारालाही औषध घ्यावं लागतं. एकच तक्रार, तीन आजार, तीन औषधं. आणि तुमच्या ग्रुपवर फोटो एकच.

‘मग सहाजणींना एकदम कसं?’ असं तुम्हाला वाटणं रास्त आहे, पण यात साथ बिथ काही नाही. चारपैकी सुमारे तीन बायकांना आयुष्यात एकदा तरी यीस्ट होतं आणि निम्म्याच्या जवळपास जणींना पुन्हाही होतं. शंभर घरांच्या इमारतीत कधीही विचारा, सहा हात वर येतीलच. आजवर कुणी विचारलं नव्हतं, एवढंच. ज्या बाईनं ग्रुपवर पहिल्यांदा तोंड उघडलं तिचं मला कौतुक आहे. चुकलं ते पुढच्या संदेशात, जिथे तिला ‘दाखवून ये’ म्हणायच्या जागी ट्यूब मिळाली.

टाकी निर्दोष आहे. टॉयलेटची सीटही निर्दोष आहे, कितीही कळकट असली तरी. तलावाचं पाणी यीस्ट देत नाही. त्यातल्या क्लोरीननं आधीच सोललेली कातडी चुरचुरते आणि ओला पोहण्याचा पोशाख तासभर अंगावर ठेवला तर दमटपणा वाढतो, इतकंच. पोहून झालं की कपडे बदला आणि खुशाल पोहा.

तर मग आलं कुठून? कँडिडा ही बुरशी माणसाच्या आतड्यात, तोंडात, कातडीवर एरवीही राहते. दर शंभर बायकांमध्ये दहा ते वीस जणींच्या योनीमार्गात ती असते आणि त्यांना काडीचाही त्रास नसतो. ती भाडेकरू आहे, निमूट राहणारी. घरमालकीण म्हणजे लॅक्टोबॅसिलस नावाचे जिवाणू. ते लॅक्टिक आम्ल तयार करून जागा आंबट ठेवतात, पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) साडेचारच्या खाली, आणि इतर कुणाला डोकं वर काढू देत नाहीत. तुमच्या दाढेच्या अँटिबायोटिकनं दाढेच्या जंतूंबरोबर या जिवाणूंनाही मारलं. बुरशीवर मात्र अँटिबायोटिकचा काही परिणाम होत नाही. अशी मोकळी जागा मिळाली की गोल दाण्यासारखी बुरशी धागे सोडायला लागते, ते धागे आतल्या अस्तरात घुसतात. या धाग्यांतून एक विषारी द्रव्य सुटतं, कँडिडालायसिन. ते २०१६ साली सापडलं. आग आणि खाज होते ती या द्रव्यानं पेशींना इजा केल्यावर शरीर जे चवताळून उठतं त्यामुळे.

मायक्रोस्कोपखाली हे फार स्पष्ट दिसतं. काचेवर स्रावाचा थेंब घ्यायचा, त्यावर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा. बाकीच्या पेशी विरघळून जातात आणि बुरशी तेवढी उरते: बांबूच्या पेरांसारखे धागे आणि त्यांना लगडलेले कळ्यांसारखे बारीक दाणे. पेशंटला बघायचं असेल तर मी दाखवते. एकीनं डोळा लावून बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, ‘एवढीशी?’

म्हणून तुमच्या नवऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर असं: बहुतेक वेळा स्वतःच्याच आतड्यातून. यीस्ट हा बदफैलीपणाचा दाखला नाही, तुमच्याही नाही आणि त्याच्याही नाही. कधीच संबंध न आलेल्या मुलींनाही ते होतं. संबंधांमुळे काही जणींचा त्रास चाळवतो हे खरं, पण नेहमीच्या अर्थानं हा गुप्तरोग नव्हे आणि नवऱ्याला तक्रार नसेल तर त्याला औषध देत नाहीत. काही पुरुषांना मात्र शिश्नाच्या टोकाला लाली, खाज येते. तसं असेल तर त्यालाही दाखवू दे. आणि हा परिच्छेद त्याला वाचायला द्या. त्यानं कदाचित सरळ कुतूहलानं विचारलं असेल आणि तुम्ही आरोप ऐकला असेल. कदाचित आरोपच असेल. मला पत्रावरून सांगता येत नाही, पण गप्प बसून तुम्ही दुखत असताना संबंध सहन करत असाल, तर ते मला चालणार नाही. बरं वाटेपर्यंत नाही म्हणा. आणखी एक: या उपचारांतली बरीच क्रीम आणि आत ठेवायच्या गोळ्या तेलकट असतात, त्यांनी लेटेक्सचा कंडोम कमकुवत होतो. औषध चालू असताना आणि नंतरचे काही दिवस त्याच्या भरवशावर राहू नका.

आता स्वच्छता. तुम्ही विचारता, अजून किती? मी म्हणते, कमी करा. योनीमार्ग स्वतःला आतून स्वच्छ ठेवतो, त्याला आपली मदत नको असते. पाण्यातलं अँटिसेप्टिक आजपासून बंद. ते घरमालकिणींनाच हाकलतं आणि कातडी जाळतं ते वेगळंच. वॉशही बंद, मग बाटलीवर कितीही ‘पीएच संतुलित’ लिहिलेलं असो. बाहेरून साधं पाणी, दिवसातून एकदा, फार तर दोनदा. आत बोट घालून धुणं नाही, फवारा नाही. रोजचं लायनर हे माझ्या मते विनाकारण चिकटलेली सवय आहे. अकरा तास प्लास्टिकचा थर अंगाशी ठेवून वर दमटपणाची तक्रार करायची, हे जमणार नाही. गरज असेल त्या दिवशीच लावा, बिनसुगंधी, आणि बदलत राहा. सुती आणि सैल कपड्यांबद्दल सगळेच सांगतात. खरं सांगायचं तर त्याचा पुरावा तितका भक्कम नाही, पण त्यात नुकसानही नाही आणि सोललेल्या कातडीला आराम पडतो. रात्री सैल घालून झोपा. हे सगळे उपद्व्याप सोडलेत की तुमचा वेळही वाचेल.

दही लावावं का, लसणाची पाकळी ठेवावी का, टी ट्री तेल लावावं का, हे तुम्ही विचारलं नाहीत पण ग्रुपवर कुणीतरी विचारणारच. नको. दही खायला चांगलं. लसूण आणि ते तेल, दोन्हींनी भाजल्यासारखं झालेल्या बायका मी बघितल्या आहेत.

मुख्य काम एकच: एकदा नीट तपासून घ्या. तुम्हाला चार वेळा खाज आली, पण तपासणी एकदाही झाली नाही. म्हणजे तुम्हाला यीस्ट चार वेळा झालं असेल किंवा एकदाही झालं नसेल. वर्षात तीन किंवा जास्त वेळा खरंच यीस्ट झालं तर त्याला वारंवार होणारं यीस्ट म्हणतात आणि त्याचा उपचार वेगळा आणि लांबचा असतो. तो उगाच सुरू करायचा नसतो. म्हणून आधी ते सिद्ध व्हायला हवं.

तपासणीत घाबरण्यासारखं काही नाही, पाच-सात मिनिटांचं काम. डॉक्टर बाहेरची कातडी बघतील, स्पेक्युलम नावाचं साधन घालून आत बघतील, पीएचची पट्टी लावतील, कापसाच्या काडीनं स्राव, म्हणजे स्वॅब, घेतील. यीस्टमध्ये पीएच सहसा नॉर्मलच राहतो. तो चढलेला असेल तर शोध दुसरीकडे घ्यायचा. स्लाइडमध्ये बुरशी दिसली नाही तरी यीस्ट नाहीच असं होत नाही, स्लाइड बऱ्याचदा चुकवते. तुमच्यासारखीचा स्राव कल्चरला, म्हणजे प्रयोगशाळेत बुरशी वाढवून बघायला, पाठवायलाच हवा आणि हे तुम्ही स्वतः तोंडानं मागा. कल्चरमध्ये बुरशीची जात कळते. बहुतेक वेळा ती कँडिडा अल्बिकन्स असते. पण वारंवार त्रास होणाऱ्यांपैकी काहींमध्ये ग्लाब्राटा नावाची दुसरी जात निघते आणि ती ग्रुपवरच्या त्या गोळीला फारशी दाद देत नाही. तिच्यावर बोरिक ॲसिडच्या योनीत ठेवायच्या कॅप्सूल वापरतात. ते नाव इथं लिहावं की नाही असा मला प्रश्न पडला होता, कारण उद्या ग्रुपवर तेही फिरेल. पोटात गेलं तर ते विष आहे, गरोदरपणात वापरत नाहीत, लहान मुलांच्या हाती लागू द्यायचं नाही. डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नका. ग्रुपमधल्या ज्या मुलींचा कधी संबंध आलेला नाही, त्यांनी ‘आपली तपासणी होणार नाही’ असं समजू नये. त्यांचा स्वॅब स्पेक्युलमशिवायही घेता येतो, आधी सांगायचं फक्त.

एक महत्त्वाचं. अपॉइंटमेंट घेताना विचारा, आधी किती दिवस काही लावायचं नाही ते. आदल्या रात्री क्रीम लावून गेलात तर बुरशी लपून बसते आणि रिपोर्ट कोरा येतो. मधल्या दिवसांत खाज असह्य झाली तर बाहेरून गार पाण्याची घडी ठेवा आणि साधी, बिनवासाची पेट्रोलियम जेली लावा.

त्याच वेळी साखर तपासा. तुमचं वय कमी आहे, तरीही. रक्तातली साखर वाढली की बुरशीला मेजवानी मिळते आणि वारंवार येणारी खाज ही मधुमेहाची पहिली चाहूल असल्याचं मी एकदा नव्हे, अनेकदा बघितलंय. एचबीए१सी ही एक रक्ततपासणी पुरते. ६.५ टक्के किंवा वर आला तर मधुमेहाची शंका पक्की करायची. ग्रुपमध्ये ज्या आधीच मधुमेहाच्या आहेत त्यांनी आपल्या गोळ्यांची नावं बघा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन असं काही असेल तर ती औषधं साखर लघवीतून बाहेर टाकतात आणि त्यामुळे यीस्ट वाढतं. गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, डॉक्टरांच्या कानावर घालायचं.

समजा, यीस्टच निघालं. साध्या वेळी उपचार सोपा: क्लोट्रिमाझोलसारखं औषध आत ठेवायचं, एक दिवस, तीन दिवस किंवा सात दिवस, ताकदीप्रमाणे. नाहीतर फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅमची एक गोळी पोटात. दोन्ही सारखेच चांगले. दोन-तीन दिवसांत आराम पडतो, पण आत ठेवायचा कोर्स असेल तर तो शेवटच्या दिवसापर्यंत करायचा. पाळी आली तरी थांबवायचा नाही, तेवढे दिवस टॅम्पून मात्र नको, तो औषध शोषून घेतो.

तुमचं वारंवार होणारं ठरलं तर आधी त्या गोळ्या तीन-तीन दिवसांच्या अंतरानं तीन आणि मग आठवड्याला एक, सहा महिने. लांबलचक वाटेल. याचा नीट अभ्यास झालेला आहे. २००४ साली छापलेल्या त्या अभ्यासात सहा महिन्यांच्या शेवटी गोळी घेणाऱ्या दहापैकी नऊ बायका बिनत्रासाच्या होत्या, खोटी गोळी घेणाऱ्या दहापैकी चारही नव्हत्या. गोळी बंद केल्यावर आणखी सहा महिन्यांनी मात्र त्या नवांतल्या चारच उरल्या. हे मी मुद्दाम सांगते आहे. उपचार संपल्यावर कधीतरी पुन्हा उमटलं तर ‘माझंच काहीतरी चुकलं, मीच अस्वच्छ’ असं मनात आणू नका. ही बुरशी चिवट आहे. पुन्हा जायचं, पुन्हा स्वॅब द्यायचा. आणि या सहा महिन्यांच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच, कारण फ्लुकोनाझोलचं रक्त पातळ करणाऱ्या औषधांशी, काही कोलेस्टेरॉलच्या आणि हृदयाच्या औषधांशी पटत नाही, यकृताचा त्रास असेल तर जपावं लागतं आणि दिवस राहण्याची शक्यता असेल तर तेही आधी सांगावं लागतं.

पुढच्या वेळी दाढेसाठी अँटिबायोटिक लागलं तर घ्या, दाढ किडवत बसू नका. फक्त त्या डॉक्टरांना सांगा की मला यानंतर यीस्ट होतं. मात्र सर्दी-पडशाला मेडिकलमधून स्वतःच आणलेलं अँटिबायोटिक, ते बंद.

ताप, ओटीपोटात दुखणं, फोड किंवा जखमा, संबंधांनंतर रक्त, घाण वास, यातलं काही असेल तर अपॉइंटमेंटच्या तारखेची वाट बघू नका.

ग्रुपवर काय लिहायचं, तेही सांगते, नाहीतर तुम्ही संकोचाल. ‘ट्यूबमध्ये कडक स्टेरॉईड आहे, मी बंद केली. मी या आठवड्यात दाखवायला जाते आहे, कुणाला बरोबर यायचं?’ एवढं पुरे. सहापैकी दोघी तरी येतील बघा. एकटीनं जाण्यापेक्षा तिघींनी जाऊन बाहेरच्या बाकावर गप्पा मारत बसणं सोपं असतं. आत मात्र एकेकटीनं जा, कारण डॉक्टर विचारतील ते सगळंच मैत्रिणीसमोर सांगता येतं असं नाही.

आणि ट्यूब रागानं कचऱ्यात टाकू नका. झाकण घट्ट लावून पर्समध्ये घाला, गोळीची रिकामी स्ट्रिप असेल तर तीही. डॉक्टरांना ती दोन्ही बघायची असतील. किती वेळा, किती दिवस लावली ते तारखांसकट एका कागदावर लिहून न्या, कारण तिथं बसल्यावर काहीच आठवत नाही.